विद्यार्थी सूक्ष्मदर्शक आणि परासरण संच : कांद्याच्या पापुद्र्यावर घेतलेली परीक्षा

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानातून मी दोन वस्तू घेतल्या. पहिली म्हणजे एका डोळ्याने पाहायचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक आणि दुसरी म्हणजे त्याच दुकानात वेगळ्या खोक्यात मिळणारा ‘परासरण संच’. सूक्ष्मदर्शकाला ४,६०० रुपये पडले आणि संचाला ७५०. माझी नात आठवीत आहे. परासरण, म्हणजे पातळ पटलातून पेशीत पाणी कसे ये-जा करते, हा भाग तिला परीक्षेपुरता तोंडपाठ होता. अंतःपरासरण (पाणी पेशीत शिरणे), बहिःपरासरण (पाणी बाहेर पडणे) आणि रससंकोचन (पाणी गेल्याने पेशीतला ऐवज आकसून बाहेरच्या भिंतीपासून सुटणे) या तिन्ही व्याख्या ती न अडखळता म्हणून दाखवत होती, पण त्यांपैकी एकही गोष्ट तिने प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. मी स्वतः तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे. वर्गातल्या पन्नास मुलांना एका सूक्ष्मदर्शकापुढे रांगेत उभे करून प्रत्येकाला जेमतेम दहा सेकंद डोळा लावू देणे मी वर्षानुवर्षे केले आहे आणि दहा सेकंदांत काहीच हलताना दिसत नाही, याची रुखरुख मला निवृत्तीनंतरही राहिली. त्यामुळे या खरेदीला मी एकच कसोटी लावायचे ठरवले : जिवंत पेशीतून पाणी बाहेर जाताना आणि पुन्हा आत येताना मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी, सावकाश, हवे तितक्या वेळा पाहता येते का? तीन आठवड्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की सूक्ष्मदर्शक अवश्य घ्यावा आणि संचाचे पैसे वाचवावेत.

आधी सूक्ष्मदर्शकाविषयी. बूड आणि मान ओतीव धातूची असून वजन चांगले आहे. टेबलाला धक्का लागला तरी चित्र डगमगत नाही. दहापटीची एक नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग), तर दहापटीचे आणि पंचेचाळीसपटीचे अशी दोन वस्तुभिंगे (नमुन्याजवळची भिंगे) आहेत, म्हणजे एकूण वर्धन १०० पट आणि ४५० पट मिळते. खाली एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने अंतर्वक्र असलेला आरसा आहे. दिव्याचे मॉडेल याच दुकानात हजार-बाराशे रुपयांनी महाग होते, पण मी मुद्दामच आरशाचे घेतले, कारण प्रकाश कोठून येतो आणि तो कमी-जास्त केल्यावर चित्राचे काय होते हे मुलांना आरसा फिरवताना आपोआप कळते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराला पूर्वेकडे खिडकी आहे आणि सकाळी आठनंतरचा उजेड भरपूर पुरतो. मात्र आरशात थेट सूर्य धरायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे, डोळ्याला इजा होते.

चित्र स्पष्ट करण्याची मोठी चक्री थोडी घट्ट आहे, ती वापराने सैल होईल. बारीक चक्री मात्र अगदी मऊ फिरते आणि या किमतीत मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ४५० पटीवर भिंग आणि काच यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच अंतर उरते आणि चक्री झटक्याने फिरली तर नमुन्यावर ठेवलेली पातळ आच्छादक काच तडकते. प्रकाशछिद्र लहान-मोठे करणारी चकती आहे, तिचा उपयोग पुढे सांगते.

आता कांदा. बाजारातला जांभळट लाल कांदा घ्यावा, पांढरा नको. रंगीत पापुद्रा पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूला असतो. आतल्या बाजूचा पापुद्रा सहज निघतो खरा, पण तो रंगहीन असल्याने नवशिक्याला त्यात फार काही उमगत नाही. पाकळीवर नखाएवढा चौकोन ब्लेडने हलका कापून (हे काम मोठ्यांनी करावे) चिमट्याने एक कोपरा उचलला की जांभळा पापुद्रा सुटून येतो. तो पाण्याच्या थेंबात पसरून वर आच्छादक काच तिरकी टेकवत ठेवली म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. १०० पटीवर विटांच्या भिंतीसारखी पेशींची रांग दिसते. प्रत्येक वीट काठोकाठ जांभळी भरलेली असते, कारण तो रंग पेशीच्या मधोमध असलेल्या मोठ्या रिक्तिकेतल्या, म्हणजे पातळ पिशवीतल्या, रसात विरघळलेला असतो आणि पाण्याने टरारून फुगलेली ती रिक्तिका बाकीच्या पेशीद्रव्याला चारी बाजूंनी भित्तिकेवर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या कडक भिंतीवर, दाबून धरते.

मग काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावायचा. कागद इकडचे पाणी शोषतो तसे तिकडचे मीठपाणी काचेखालून सरकत येते. नातीला मी डोळा अजिबात काढू नकोस म्हणून सांगितले होते. पहिले अर्धे मिनिट काही झाले नाही. मग एका पेशीच्या कोपऱ्यात जांभळा रंग किंचित गोलावला, शेजारच्या पेशीतही तसेच झाले आणि दीड-दोन मिनिटांत संपूर्ण रांगेतला रंग भित्तिकेपासून मागे सरकत आतल्या आत आवळत गेला. “आजी, भिंतीपासून सुटलं बघ की!” ती ओरडली. भित्तिकेचा आयताकृती सांगाडा जागचा हलला नव्हता. आत मात्र गडद जांभळा गोळा उरला होता. गोळा गडद का झाला हे तिने मला विचारले नाही, तिचे तिनेच सांगितले : पाणी गेले आणि रंग तेवढाच राहिला. तीस वर्षांत माझ्या वर्गात हे वाक्य एकाही मुलाकडून आपणहून आले नव्हते आणि त्याला कारण मुले नव्हती, ते दहा सेकंद होते.

सूक्ष्मदर्शकाचे खरे मोल पुढच्या पायरीला कळते. त्याच रीतीने मिठाचे पाणी टिपून घेऊन साधे पाणी आत सोडले की काही मिनिटांत गोळा पसरू लागतो, फिका होतो आणि पुन्हा भित्तिकेला जाऊन भिडतो. एकच पेशी डोळ्यासमोर धरून ठेवता आली तरच हे समजते आणि या मंचावरच्या कमानी काचपट्टी इतकी पक्की धरतात की थेंब टाकताना, कागद लावताना ती सरकली नाही. प्रकाशछिद्राची चकती लहान भोकावर आणून उजेड कमी केला तर ४५० पटीवर आकसलेल्या गोळ्यापासून भित्तिकेपर्यंत ताणलेले अतिशय बारीक धागेही दिसतात. मला ते तीन आठवड्यांत दोनदाच दिसले, पण दिसले. प्रद्रव्यपटल, म्हणजे भित्तिकेच्या आतले पेशीचे पातळ आवरण, भित्तिकेला ठिकठिकाणी चिकटलेले असते, त्या जागांचे ते धागे.

भित्तिका आणि गोळा यांच्यामधली जागा रिकामी असते असा मुलांचा ठाम समज होतो. ती रिकामी नसते. तेथे बाहेरचे मिठाचे पाणी भरलेले असते, कारण भित्तिका मिठाला आणि पाण्याला दोघांनाही सरसकट वाट देते. निवड करते ते आतले प्रद्रव्यपटल. ते पाण्याला जाऊ देते, पण मीठ, साखर आणि रंग यांना सहजासहजी सोडत नाही आणि सगळा खेळ या एका फरकावर चालतो. पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही दिशांनी सतत ये-जा करतच असतात. बाहेर साधे पाणी असेल तेव्हा जेवढे रेणू बाहेर पडतात त्याहून अधिक आत येतात, कारण आतल्या रसात शर्करा, क्षार आणि आम्ले विरघळलेली असतात; बाहेर मिठाचे दाट द्रावण आले की हे पारडे फिरते. पाण्याचा काही भाग पटलाच्या स्निग्ध थरातून थेट झिरपतो आणि बराचसा अॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या अरुंद मार्गिकांतून जातो. या मार्गिकांच्या शोधासाठी पीटर अॅग्र यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात ४,६०० रुपयांच्या सूक्ष्मदर्शकात पटलही दिसत नाही आणि मार्गिका तर कोणत्याच प्रकाश-सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. दिसतो तो त्यांच्या कामाचा परिणाम आणि आठवीसाठी तो पुष्कळ आहे.

संचाविषयी मात्र मला तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही. संचात मिठाच्या द्रावणाची एक बाटली, ड्रॉपर, प्लास्टिकच्या आच्छादक पट्ट्या, पारदर्शक पटलाची नळी, तयार केलेल्या दोन काचपट्ट्या, रक्त काढण्याच्या चार सुया आणि एक माहितीपत्रक येते. बाटलीवर २० टक्के असे लिहिले आहे. एवढ्या तीव्र द्रावणाने पेशी पाहता पाहता आकसतात, त्यामुळे प्रयोग ‘यशस्वी’ झाल्यासारखा वाटतो. पण त्यानंतर साधे पाणी सोडल्यावर आमच्या काचपट्टीवरच्या बहुतेक पेशी पुन्हा फुगल्या नाहीत, काहींचा रंग पाण्यात पसरून गेला. म्हणजे पटल फाटले होते आणि पेशी मेल्या होत्या. पाणी परत येताना पाहणे हा प्रयोगाचा अर्धा भाग आहे आणि संच नेमका तोच हिरावून घेतो. मी बाटलीतल्या एका भागात चार भाग पाणी घातले, म्हणजे द्रावण ४ टक्क्यांवर आले, आणि तेव्हापासून पेशी दर वेळी सुखरूप परत आल्या. घरच्या मिठाचे चार ग्रॅम घेऊन पाण्याने शंभर मिलिलिटर केले तरी हेच काम होते; त्यासाठी बाटली विकत घेण्याची गरज नाही.

प्लास्टिकच्या आच्छादक पट्ट्याही टाकून द्याव्यात. जास्त वर्धनाची वस्तुभिंगे साधारण ०.१७ मिलिमीटर जाडीची काच गृहीत धरून बनवलेली असतात; संचातल्या पट्ट्या हाताला जाणवण्याइतक्या जाड आहेत आणि त्यांखालून ४५० पटीवर चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे येते. पहिल्या दिवशी मी भिंगालाच दोष देत होते. दुकानातून काचेच्या पट्ट्यांची छोटी डबी आणल्यावर तेच भिंग लख्ख दिसू लागले. तयार काचपट्ट्यांत आकसलेल्या पेशी रंगवून कायमच्या बसवलेल्या आहेत. त्या नीट बनवल्या आहेत, पण मेलेल्या पेशीत पाण्याचे येणे-जाणे दिसत नाही, तेव्हा या विषयासाठी त्यांचा उपयोग पुस्तकातल्या आकृतीपेक्षा अधिक नाही.

पटलाच्या नळीचा प्रयोग आम्ही गुळाच्या पाण्याने केला. कोल्हापूरच्या घरात साखरेआधी हात गुळाच्याच डब्याकडे जातो. नळीत दाट गुळवणी भरून दोन्ही टोके घट्ट बांधली आणि ती साध्या पाण्याच्या पेल्यात सोडली. दीड तासात मऊ नळी बोटाने दबेनाशी झाली. हे छान दिसते. माहितीपत्रकात म्हटले आहे की ही नळी ‘पेशीच्या पटलाप्रमाणेच’ फक्त पाण्याला वाट देते. सकाळी उठून पाहतो तर पेल्यातले पाणी पिवळसर झालेले आणि नळी पुन्हा सैल पडलेली. या नळीची छिद्रे प्रथिनांसारखे मोठे रेणू अडवतात, साखरेचे लहान रेणू आणि गुळाचा रंग त्यांतून हळूहळू निसटतात. पाणी त्यांच्याहून लवकर आत शिरते म्हणून सुरुवातीला नळी फुगते एवढेच. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करणाऱ्या डायलिसिसमागे हेच तत्त्व आहे आणि ते समजावून सांगायला नळी उत्तम आहे. पेशीचे पटल म्हणून ती मुलांपुढे ठेवणे मात्र चुकीचे आहे, आणि पत्रक लिहिणाऱ्याने नळी रात्रभर ठेवून पाहिली असती तर हे वाक्य त्याने छापले नसते.

सुयांबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि साध्या पाण्यात तांबड्या पेशी फुटताना पाहाव्यात, असे पत्रक सुचवते. मुलांनी घरी, देखरेखीशिवाय रक्त हाताळू नये, आणि मुलांच्या हाती पडणाऱ्या खोक्यात टोचणाऱ्या सुया असूच नयेत. मी त्या चारही सुया पहिल्याच दिवशी काढून आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सुयांच्या डब्यात टाकायला दिल्या. तांबड्या पेशीला भित्तिका नसते, त्यामुळे साध्या पाण्यात ती फुगत जाते आणि शेवटी फुटते, तर कांद्याची पेशी भित्तिकेच्या आधाराने टरारून उभी राहते, ही तुलना शब्दांतही पुरेशी कळते. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के का लिहिलेले असते, नुसते शुद्ध पाणी शिरेतून का देत नाहीत, हे नातीने याच ओघात विचारले आणि उत्तरही याच तुलनेतून मिळाले : तेवढ्या मिठाच्या पाण्यात रक्तपेशी फुगतही नाही, आकसतही नाही.

‘मीठ पाणी ओढून घेते’ हे पत्रकातले वाक्य बोलताना सगळेच वापरतात, पण शिकवताना ते घात करते, कारण मग मुलांना मिठात काहीतरी खास गुण आहे असे वाटते. परासरणाला पदार्थ कोणता याच्याशी फारसे देणेघेणे नसते. विरघळलेले कण किती, हे मोजले जाते. मिठाचा एक रेणू पाण्यात दोन आयनांत सुटतो आणि साखरेचा रेणू आकाराने जड असूनही एकच कण राहतो, म्हणून मिठाइतका परिणाम साखरेने साधायचा तर वजनाने साधारण अकरा-बारा पट साखर लागते. लोणच्याला मूठभर मीठ पुरते आणि मुरंब्याला फोडींच्या बरोबरीने साखर घालावी लागते, हे आपल्या आजी-पणजींना ठाऊकच होते. पत्रकात या एका गोष्टीसाठी चार ओळी द्यायला हव्या होत्या. त्याऐवजी तेथे रंगीत बाणांची चित्रे आहेत, आणि त्यांतही बाण एकाच दिशेचे.

माझे माहेर शिरोळ तालुक्यातले आहे. तेथे कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे उसाला पाट भरभरून पाणी दिले गेले, निचरा झाला नाही आणि क्षार वर येऊन मोठे क्षेत्र क्षारपड झाले. अशा रानात मातीत ओल असूनही ऊस कोमेजलेला दिसतो आणि माझे वडील त्याकडे पाहून “पाण्यात उभा आहे आणि तहानलेला आहे” असे म्हणत. काचपट्टीवर आकसलेल्या पेशींकडे पाहताना मी नातीला ते रान सांगितले : मुळांच्या पेशींबाहेरचे पाणी इतके खारट होते की ते आत यायला तयार होत नाही. क्षार धुऊन जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांनी ते पाणी बाहेर काढले की तीच जमीन पुन्हा पिकू लागते, हे तेथल्या शेतकऱ्यांनी करून दाखवले आहे आणि काचेखाली साधे पाणी सोडल्यावर पेशी पुन्हा भरते, त्याच्याशी त्याचे नाते नातीला सांगावे लागले नाही. कपिलतीर्थ मंडईत माना टाकलेल्या मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या मावशींकडेही ती आता थांबून पाहते.

दुकानाच्या सेवेबद्दल समाधान आहे. घरी आणल्यावर आरशाचा एक स्क्रू सैल निघाला. दुसऱ्या दिवशी नेल्यावर त्यांनी पावती न मागता बसवून दिला, शिवाय भिंग पुसण्याचा कागद कसा वापरायचा हे नातीला दाखवले. संचाविषयीची माझी हरकतही त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, परंतु संच ते बनवत नाहीत, त्यामुळे परत घेतला नाही. बिलावर सूक्ष्मदर्शकाची एक वर्षाची हमी लिहून दिली आहे; भिंग फुटल्यास ती लागू नाही, हे घेताना वाचून घ्यावे.

संचाऐवजी काय घ्यावे, तर काचेच्या आच्छादक पट्ट्यांची एक डबी, साध्या काचपट्ट्या, ड्रॉपर आणि टिपकागद. हे सगळे दोनशे रुपयांच्या आत येते. मीठ, कांदा आणि बटाटा घरात असतोच. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या कापून एक साध्या पाण्यात आणि एक मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवावी; पहिली कडक होते आणि दुसरी बोटावर वाकते. सूक्ष्मदर्शकाआधी हे केले तर काचेखाली काय शोधायचे ते मुलांना आधीच कळलेले असते.

ह्यूगो द व्ह्रीस या डच शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत वनस्पतींच्या पेशी ठेवून, कोणत्या तीव्रतेला पटल भित्तिकेपासून नुकते सुटू लागते हे पाहिले आणि त्यावरून पेशीतल्या रसाची तीव्रता ताडली. तशा मोजण्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी परासरण दाबाची, म्हणजे पटलातून आत शिरणारे पाणी थोपवायला लागणाऱ्या दाबाची, घेतलेली मापे यांच्या आधारे व्हान्ट हॉफ यांनी परासरण दाबाचा नियम मांडला आणि १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. द व्ह्रीसची ती पद्धत या सूक्ष्मदर्शकावर घरी करता येते, हे मला त्याच्या सर्व गुणांत मोठे वाटते. नातीने १, २, ३ आणि ४ टक्क्यांची मीठद्रावणे करून प्रत्येकात पापुद्र्याचा एक तुकडा वीस मिनिटे ठेवला आणि प्रत्येक काचपट्टीवर पन्नास पेशी मोजल्या. १ टक्क्याच्या द्रावणात तीन पेशी सुटल्या होत्या, २ टक्क्यांच्या द्रावणात एकतीस, आणि ३ व ४ टक्क्यांत जवळपास सगळ्या. निम्म्या पेशी सुटतात ती तीव्रता १ आणि २ टक्क्यांच्या मध्ये कोठेतरी आहे, असे तिने वहीत लिहिले आहे. घरच्या तराजूवर अर्धा ग्रॅम मोजता येत नाही म्हणून पुढच्या रविवारी पंधरा ग्रॅम मीठ घेऊन ती दीड टक्क्याचे एक लिटर द्रावण करणार आहे.